झेपेलिन आणि हैदराबादची विमाने

गोदातीरावरील नांदेड आणि लंडनवर रात्री बाँब टाकणारी जर्मन झेपेलिने ह्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे प्रथमदर्शनी कोणाच्या मनात येणार नाही. तो संबंध होता. मात्र तो बऱ्याच वळणांनी आलेला होता. १९४८ पर्यंत नांदेड हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्ह्याचे ठिकाण होते, लातूर त्याच संस्थानाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीवर बाँब टाकणाऱ्या एका विमानपथकास ह्याच संस्थानाचे नाव होते. ते तेथवर कसे पोचले हे समजण्यासाठी आरंभ झेपेलिनपासूनच केला पाहिजे.

काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन ह्या निवृत्त जर्मन सेनापतीने आपली पहिली वायुनौका २ जुलै १९०० रोजी कॉन्स्टन्स सरोवरावर उडविली. ती १२८ मीटर लांब होती. साध्या बलूनमधील वायू सुटला की त्याचा लोळागोळा होतो. ह्या नौकेस आतून अॅल्युमिनियमचा सांगाडा असल्यामुळे तिचा आकार कायम राही. सांगाड्यात हायड्रोजनने भरलेल्या निरनिराळ्या पिशव्या बसविलेल्या असत. त्या गुरांच्या आतड्यावरील पातळ पडद्याच्या करीत, आणि एका मोठ्या नौकेस दोन लाखांहून अधिक जनावरांचे पडदे खर्ची पडत!

१९ जानेवारी १९१५ च्या रात्री दोन झेपेलिनांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यार्मथ आणि किंग्ज लिन ह्या गावांवर बाँब टाकले. चार माणसे मेली. ३१ मे रोजी लंडनची पाळी आली. खंदकांतील संहाराच्या मानाने हे आकडे क्षुल्लक होते, पण समुद्रामागे सुरक्षित असल्याचा इंग्रजांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्या रात्रींनी हिरावून नेला. वस्तुतः वारा आणि ढग ह्यांच्यापुढे झेपेलिनचे फारसे चालत नसे. कित्येकदा कप्तानास आपण कोणत्या गावावर आहोत हेही कळत नसे, आणि बाँब शेतांत पडत. तिचा खरा उपयोग उत्तर समुद्रावर टेहळणी करणाऱ्या जर्मन आरमारास झाला.

आरंभी तिला पाडणे मात्र दुर्घट होते. साधी गोळी पिशवीस भोक पाडी, इतकेच. हायड्रोजन हवेत मिसळल्यावाचून पेट घेत नाही. पुढे फुटणाऱ्या आणि पेटविणाऱ्या गोळ्या एकत्र वापरण्याची युक्ती इंग्रजांना साधली. २ सप्टेंबर १९१६ च्या मध्यरात्रीनंतर लेफ्टनंट लीफ रॉबिन्सनने लंडनच्या उत्तरेस कफ्लीजवळ एक नौका जाळून पाडली. ती ‘एसएल ११’ लाकडी सांगाड्याची, म्हणजे झेपेलिन कारखान्याची नव्हेच; पण लोकांच्या लेखी प्रत्येक जर्मन वायुनौका झेपेलिनच होती. त्या ज्वाळा पाहून लंडनकर रस्त्यांत येऊन जयघोष करू लागले. आत १६ माणसे जळत होती.

वायुनौकांनी युद्धकाळात ब्रिटनमध्ये सुमारे साडेपाचशे लोक मारले. १९१७ मध्ये त्यांचे काम ‘गोथा’ विमानांनी उचलले. १३ जूनच्या एका दिवसात लंडनमध्ये १६२ जण ठार झाले, त्यांत पॉप्लर येथील शाळेतील १८ मुले होती. ह्या क्षोभातून जनरल स्मट्स ह्यांचा अहवाल निघाला, १ एप्रिल १९१८ रोजी स्वतंत्र वायुसेना स्थापन झाली, आणि जूनमध्ये जर्मनीवर बाँब टाकण्याकरिता ट्रेंचर्ड ह्यांच्या हाताखाली एक वेगळे दल उभारण्यात आले. झेपेलिनच्या खलाशांना बालहत्यारे म्हणणाऱ्या इंग्रजांनी आता तोच मार्ग अधिक पद्धतशीरपणे पत्करला, हे नमूद केलेच पाहिजे.

त्या दलात ११० वे पथक होते. त्याची ‘डीएच ९ए’ विमाने निजाम मीर उस्मान अली खान ह्यांनी दिलेल्या देणगीतली. प्रत्येक विमानावर देणगीदाराचा उल्लेख रंगविलेला होता, आणि पथकास ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. संस्थानाचा खजिना मुख्यतः जमीनमहसुलावर चाले, त्यात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा भाग मोठा होता. ही देणगी द्यावी की नाही, हे रयतेस विचारण्याची रीत मात्र त्या दरबारात नव्हती.

५ ऑगस्ट १९१८ रोजी जर्मन आरमाराच्या वायुनौकादलाचा प्रमुख पीटर श्ट्रासर आपल्या ‘एल ७०’ सह उत्तर समुद्रावर जळून मेला, आणि ब्रिटनवरील झेपेलिनचे हल्ले संपले. त्यानंतर महिन्याच्या आतच हैदराबाद पथक फ्रान्समध्ये उतरले. सप्टेंबरात त्याने फ्रँकफुर्टवर बाँब टाकले. दिवसाउजेडी, शत्रूच्या लढाऊ विमानांतून वाट काढीत जाणे त्यास फार महाग पडले. २१ ऑक्टोबर रोजी कोलोनकडे निघालेल्या १३ विमानांपैकी ७ परत आली नाहीत. तीन आठवड्यांनी युद्ध थांबले. पुढे पथकाच्या बोधचिन्हावर निजामाच्या स्मरणार्थ वाघ आला.