मोठ्या घरात धाकटीचा वाटा



आपल्या बपेऱ्याहून मध्य प्रदेशाची हद्द जवळच. पण १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. मग भाषेप्रमाणे राज्ये झाली. बालाघाट तिकडे राहिला, आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात.

एवढ्या मोठ्या घरात धाकट्या जावेला कोण विचारणार, ही धास्ती आधीपासूनच होती. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. निधी आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात मिळाव्यात, दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात व्हावे, असे ठरले. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मान्य झाली नाही. १९५६ मध्ये संविधानाच्या कलम ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद आली.

अधिवेशन नागपुरात भरू लागले. पण वाट्याचे काय? १९८४ साली दांडेकर समितीने कोणता भाग किती मागे पडला, ते मोजले. त्या तुटीला ‘अनुशेष’ म्हणतात. मंडळे मात्र १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

यातून एक कळते. वाटा नुसता कागदावर लिहून भागत नाही. तो दरवर्षी मोजावा लागतो आणि मागावाही लागतो. आपल्या ग्रामसभेत लहान टोलीचा वाटा कोण मोजते? पुढच्या सभेत हे विचारूया.