मृत्युपत्राविना वारसा : मुंबई इलाख्यातील वहिवाट

मृत्युपत्र न करता हिंदू माणूस वारला, तर त्याची मिळकत कोणाकडे जावी याचा निवाडा महाराष्ट्रात दीर्घकाळ मुख्यतः विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’वरून होई. चालुक्यांच्या कल्याणी येथे रचलेल्या या ग्रंथाने मुलाचा हक्क जन्मापासूनच मानला. एकत्र कुटुंबातील विधवेच्या वाट्याला मात्र बहुधा पोटगीच येई. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूखा’ने बहिणीला वारसक्रमात बरेच वरचे स्थान दिले. मुंबई इलाखा याबाबतीत इतरांहून उदार होता, हे मान्य करावे लागते.

हक्क असणे वेगळे आणि तो कागदावर येणे वेगळे. 1827 च्या आठव्या रेग्युलेशनने वारस दाखल्याची सोय केली. अर्ज आला की कोर्ट जाहीरनामा काढी आणि हरकतीसाठी महिन्याची मुदत देई. दाखल्याने मालकी कायमची ठरत नसे. मृताच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार तेवढा मिळे. महाराष्ट्रात हा दाखला अजूनही काढला जातो. शेतजमिनीचे काम तलाठ्याकडे : गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नावे, मग फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी सातबारा.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना एकाच वर्गात बसवले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने ही अट गेली. तरीही भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही कमी नाहीत.