सीए/ब्राउझर फोरममधील मतदान

संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांचे नियम ठरवणारी ही स्वेच्छा संघटना २००५ मध्ये स्थापन झाली. प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या असे तिच्यात दोन गट आहेत. ठराव मांडायला एक सदस्य व दोन अनुमोदक लागतात; चर्चेनंतर सात दिवस मतदान चालते. दोन्ही गटांची मते वेगळी मोजतात : पहिल्यात किमान दोन-तृतीयांश, दुसऱ्यात निम्म्याहून अधिक. तटस्थ मते हिशेबात धरत नाहीत.

खरी ताकद मात्र ब्राउझरवाल्यांकडेच. प्रमाणपत्राची मुदत ८२५ दिवसांवरून ३९८ वर आणण्याचा ठराव २०१९ मध्ये प्रमाणपत्र-कंपन्यांनी हाणून पाडला. अ‍ॅपलने पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ती मर्यादा सफारीत परस्पर लागू केली. हरलेल्यानेच निकाल लावला म्हणायचे! एप्रिल २०२५ च्या ठरावाला मात्र विरोधात एकही मत पडले नाही. त्यानुसार मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस.

भारताचा धडा २०१४ चा. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली, ती रद्द झाली आणि क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता आखडला. तिथे मतदानाचा प्रश्नच नव्हता.

सुरतेजवळच्या भेस्तानमधील कापड व्यापाऱ्याला या मतदानात स्थान नाही. मुदत संपली की त्याच्या संकेतस्थळावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशा अर्थाची पाटी झळकते आणि गिऱ्हाईक परत फिरते. नूतनीकरण आपोआप होण्याची सोय त्याने २०२९ पूर्वी करून घ्यावी.