सुंदर खेड्यांचा रस्ता आखताना

येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे इंग्लंडला जाणार आहोत. भाची रेडिंगजवळ राहते. तिने फोनवर सांगितले, "मामू, लंडन दोन दिवसांत उरका. मग खेडी बघा. मामींना फुलं आवडतात, फोटोही छान येतात." पाठोपाठ तिने यादीच धाडली: बायबरी, बोर्टन, लोअर स्लॉटर, चिपिंग कॅम्पडेन. ही कॉट्सवोल्ड्स टेकड्यांतली मधाच्या रंगाच्या दगडांची घरे कॅलेंडरांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर आपण पाहिलेली असतात.

जून-जुलै मी आधीच बाद केले. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. इशा आणि फजर यांच्यात झोपायला जेमतेम काही तास मिळतात. सप्टेंबरात दिवस-रात्र ताळ्यावर येतात. खेड्यांत हलाल मांस मिळेल या भरवशावर राहू नये. मासे आणि बटाट्याचे तळलेले काप यांवर चार दिवस निघतात, बाकी भाचीचा डबा आहेच. आपण इथे पश्चिमेला तोंड करून नमाज पढतो, तिथे किब्ला आग्नेयेला. एवढे ठरल्यावर नकाशा उघडला आणि यादी हळूहळू बदलत गेली.

ही खेडी सुंदर का आहेत, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मध्ययुगात इथली लोकर युरोपभर जात असे. इंग्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या आसनावर बसतो, ते याच व्यापाराचे स्मरण. चिपिंग कॅम्पडेनचे चर्च गावाच्या मानाने अवाढव्य वाटते, कारण ते लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर उभे राहिले. बायबरीची प्रसिद्ध आर्लिंग्टन रो ही मुळात चौदाव्या शतकातली लोकरीची वखार. सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची घरे पाडली. दक्षिणेकडच्या स्ट्राउडच्या खोऱ्यात लाल बनात तयार होई, आणि इंग्रज सैन्याचे लाल डगले त्या कापडाचे असत. मग वाफेची यंत्रे आली, कापडधंदा यॉर्कशायरकडे गेला आणि ही गावे गरीब झाली. जुनी घरे पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही, म्हणून ती टिकली. ज्याला आपण जतन म्हणतो, ते बरेचसे दारिद्र्य आहे.

त्यात कुंपणांचे कायदे. १७६० ते १८३० या काळात पार्लमेंटने हजारो कायदे करून गावोगावची सामायिक कुरणे, आपल्या भाषेत गायराने, जमीनदारांच्या नावावर करून दिली. ज्याची एक गाय त्या गायरानावर चरायची, तो मजूर झाला. ऑक्सफर्डहून दक्षिणेला जाताना न्यूनहॅम कोर्टनी नावाचे गाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच घरांच्या रांगा. १७६० च्या दशकात अर्ल हारकोर्ट यांना आपल्या नव्या वाड्यासमोरचा देखावा मोकळा हवा होता, त्यांनी जुने गाव उठवून या रस्त्यावर आणून बसवले. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७७० च्या उजाड गावावरील कवितेमागे हेच गाव असावे, असे मानले जाते. आपल्याकडे गाव उठते ते धरणासाठी, तिथे देखाव्यासाठी उठले.

पण माझा रस्ता खरा बदलला तो किंगहॅम स्टेशनापाशी. लंडनच्या पॅडिंग्टनहून गाडी तिथे सुमारे दीड तासात पोचते. शेजारीच चर्चिल नावाचे लहान गाव आहे. १७३२ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज तिथे जन्मला. (इंग्लंडचा पहिला भूस्तरीय नकाशा करणारा विल्यम स्मिथही इथलाच, त्या पिवळ्या चुनखडीचे वय त्यानेच जगाला वाचायला शिकवले.) हेस्टिंग्ज घराण्याची डेल्सफर्डची पिढीजात जमीन कर्जापायी गेली होती. ती परत मिळवायची, हे पोरक्या वॉरनचे लहानपणापासूनचे स्वप्न. १७८८ मध्ये त्याने ती विकत घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला.

मराठी वाचकाला हेस्टिंग्ज परका नाही. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नमवले आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल हाच होता. मराठ्यांशी आणि हैदरअलीशी चाललेल्या युद्धांनी कंपनीची तिजोरी कोरडी पडली. ती भरायला त्याने बनारसचा राजा चेतसिंग याच्याकडे जादा पैसे मागितले, मग ५० लाखांचा दंड लावायचे ठरवले आणि १७८१ मध्ये त्याला गादीवरून घालवले. पुढचा मोर्चा फैजाबादकडे. अवधच्या नवाबाची आई बहू बेगम आणि आजी सदरुन्निसा यांनी चेतसिंगाला मदत केली, असा ठपका ठेवून त्यांचा खजिना काढून घेतला. बेगमांचे कारभारी ख्वाजासरा जवाहर अली खान आणि बहार अली खान यांना बेड्या घालून कोंडले. महाभियोगात शेरीडनने गाजवलेले भाषण याच प्रकरणावर होते.

सात वर्षांनी, १७९५ मध्ये, हेस्टिंग्ज सर्व आरोपांतून सुटला. खटल्याने तो कफल्लक झाला. कंपनीने त्याला वर्षाला ४,००० पौंड वर्षासन दिले आणि १८१८ मध्ये तो डेल्सफर्डलाच वारला. चर्चच्या आवारात त्याचे स्मारक आहे. आज डेल्सफर्ड म्हटले की लोकांना सेंद्रिय भाजीचे महागडे दुकान आठवते.

हेस्टिंग्जला राक्षस करून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्या लेखनात ते पुष्कळ झाले. कलकत्त्याच्या मुसलमानांच्या विनंतीवरून १७८० मध्ये त्याने तिथे मदरसा काढला. गीतेच्या पहिल्या इंग्रजी भाषांतराला पाठबळ देणाराही तोच. फारसी त्याला चांगली येत होती. माझ्या मते यामुळे बेगमांचे प्रकरण हलके होत नाही, उलट जड होते. ज्यांचा जनाना त्याने लुटवला, त्यांची तहजीब त्याला कळत होती.

डेल्सफर्डचा वाडा बांधणारा सॅम्युअल पेपिस कॉकरेल याचा भाऊ चार्ल्स कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसेवाला झालेला. त्याच्यासाठी सॅम्युअलने १८०५ च्या सुमारास काही मैलांवर सेझिनकोट बांधले. मोरेटन-इन-मार्श स्टेशनाहून ते जवळ आहे आणि ठरावीक महिन्यांत, ठरावीक दिवशीच उघडे असते. आमच्या तारखा त्यावरूनच ठरल्या. हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतींना छज्जे. दुरून एखादा दर्गा वाटावा. बागेतल्या पुलावर नंदी, वर सूर्याचे देऊळ. हिंदुस्थानात फिरून चित्रे काढलेल्या थॉमस डॅनियलने सल्ला दिला होता. आत मात्र सगळे शुद्ध इंग्रजी. इंग्लंडचा युवराज १८०७ मध्ये ते पाहून गेला, आणि पुढे ब्रायटनचा राजवाडा त्याच धर्तीवर उठला. हिंदुस्थान अंगावर शालीसारखा पांघरायचा आणि घरात तो येऊ द्यायचा नाही, असा हा प्रकार. तरी मी तो डोळे भरून पाहणार आहे. आपल्या कारागिरांची नजर त्या दगडात उतरली आहे.

भाचीच्या यादीत नसलेले एक गाव मी तिच्या घराकडच्या परतीच्या वाटेवर घातले आहे: स्टोक रो. हे चिल्टर्न टेकड्यांत आहे. खाली खडूचा दगड, पाणी मुरून खोल जाते. उन्हाळ्यात लोक डबक्यांवर दिवस काढत. या भागातला एडवर्ड रीड हिंदुस्थानात सरकारी अधिकारी होता. गावच्या पाण्याच्या हालांची गोष्ट त्याने बनारसचे राजे ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. राजांनी ती लक्षात ठेवली आणि विहिरीला पैसे दिले. मजुरांनी हातांनी खणत ती ३६८ फूट खोल नेली. दोर ओढायच्या चाकावर सोनेरी हत्ती बसवला, वर घुमट. १८६४ मध्ये विहीर गावाला खुली झाली, आणि पाणी फुकट. चेतसिंगाला घालवले ती बनारसची गादी हीच. दान देणारे राजे १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने होते, तेव्हा त्यात राजकारण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे. पण तहानेल्याला त्याच्याशी काय करायचे? आपल्याकडे विहीर खणणे हा सदका-ए-जारिया मानतात; पाणी निघते तोवर सवाब चालू राहतो.

जुम्मा वोकिंगला. इंग्लंडात मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत तिथे १८८९ मध्ये उभी राहिली. खर्चाचा मोठा वाटा भोपाळच्या शाहजहान बेगम यांचा, आणि त्यांचेच नाव तिला आहे. फैजाबादच्या बेगमांचा पैसा काढून घेतला, भोपाळच्या बेगमेने तो आपल्या हाताने दिला. आमच्या चार दिवसांत दोन्ही जागा येतील.

तिथून जवळच ब्रुकवुडचे कब्रस्तान. मार्माड्यूक पिकथॉल तिथे आहेत. सफोकमधल्या एका खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, १९१७ मध्ये मुसलमान झाला, १९२० ते १९२४ मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक होता, नंतर हैदराबादला निजामाच्या नोकरीत राहून कुरआनचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९३० मध्ये निघाला. फातेहा पढायला त्या कबरीसाठी मी एक तास राखून ठेवला आहे. भाची म्हणाली, "मामू, मग बोर्टन राहील." राहू दे म्हटले.