जीवनकलह आणि सहवास



आम्ही कामगार संघटनेची माणसे. पगारवाढीची किंवा कामाच्या तासांची मागणी घेऊन वाटाघाटीला बसलो, की समोरून एक युक्तिवाद हमखास येतो. जगात टिकतो तो बलवानच, हा निसर्गाचा नियम आहे, त्यापुढे कोणाचे काय चालणार? ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. तिच्यावर विज्ञानाचा शिक्का मात्र गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत मारला गेला. हा शिक्का खरा की खोटा, हे पाहण्यासाठी आम्ही या विषयाच्या वाटेला गेलो. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

चार्ल्स डार्विन यांचा ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘जीवनकलह’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्द मात्र मूळचे त्यांचे नव्हेत. ते हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली वापरले, आणि डार्विन यांनी आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत ते स्वीकारले. ज्यांना हे शब्द सोयीचे होते त्यांनी ते लगेच उचलले. पण त्याच ग्रंथात एक छोटासा प्रयोग सांगितला आहे, तो फारसा कोणी उचलला नाही. तीन फूट बाय चार फूट हिरवळीच्या एका तुकड्यावर वीस जातींच्या वनस्पती होत्या. ही हिरवळ नेहमी कापली जात असे. कापणे थांबवून सारे मोकळेपणी वाढू दिले, तेव्हा जोमदार वनस्पतींनी नऊ जातींचा निकाल लावला. पाते फिरत होते तोवर वीस जाती नांदत होत्या. ते थांबले आणि अकरा उरल्या. कलह आहे हे खरे. पण मग इतक्या जाती एकत्र राहतात कशा, हा प्रश्न तिथेच जन्मला होता.

प्रश्नाला गणिताचे रूप दिले ते इटलीच्या व्हितो व्होल्तेरा यांनी. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत दुसऱ्या माशांना खाणाऱ्या माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्यांचे जावई उंबेर्तो द’आंकोना यांनी बाजारातील नोंदी तपासून ही गोष्ट सासऱ्यांपुढे मांडली. त्यावर व्होल्तेरा यांनी १९२६ साली आपली समीकरणे प्रसिद्ध केली. त्यांतील एक निष्कर्ष कठोर होता: दोन जाती एकाच अन्नावर जगू लागल्या, तर शेवटी एकच उरते. असा निष्कर्ष काढणारा माणूस स्वतः बळापुढे वाकणारा नव्हता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९३१ साली फॅसिस्ट सरकारने प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. साऱ्या इटलीतून अवघ्या बारा-एक जणांनी नकार दिला, त्यांत व्होल्तेरा होते. रोमच्या विद्यापीठातील आपली जागा त्यांनी गमावली.

मॉस्कोत तेविशीतील गिओर्गी गाउझे यांनी १९३४ साली या निष्कर्षाच्या कसोटीचे प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. पॅरामेशियम नावाच्या एकपेशीय जीवांच्या दोन जाती त्यांनी एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढविल्या. एकीने दुसरीला संपविले. लोकांनी एवढेच लक्षात ठेवले. पण गाउझे यांनी जोडी बदलूनही पाहिली. तेव्हा एक जात वर तरंगणाऱ्या जीवाणूंवर आणि दुसरी तळाशी बसलेल्या यीस्टवर जगू लागली, व दोन्ही टिकल्या. हाच प्रकार उघड्या रानात रॉबर्ट मॅकआर्थर यांना अमेरिकेच्या ईशान्य भागात दिसला. स्प्रूसच्या झाडांवर पाच जातींचे चिमुकले पक्षी कीटक टिपून जगत. त्यांतला कोणी शेंड्याकडे, कोणी मधल्या फांद्यांत, कोणी बुंध्याच्या बाजूला चरे. १९५८ साली त्यांनी हे मांडले. एका घरात अनेक कोनाडे असावेत, तसे हे.

तरीही सारे उलगडले नाही. इव्हलिन हचिन्सन यांनी १९६१ साली विचारले, की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना कोनाडे कुठले? सर्वांना तेच पाणी, तोच प्रकाश, तेच मोजके क्षार. मग इतक्या जाती कशा? त्यांनी सुचविले, की परिस्थिती सतत बदलत असल्याने कोणा एकीची सरशी पुरी होण्याआधीच डाव मोडतो.

दुसरे उत्तर रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर शोधले. १९६३ पासून त्यांनी किनाऱ्याच्या एका पट्ट्यातील तारामासे उचलून दूर टाकण्याचा क्रम धरला. तारामासा तिथला शिकारी. तो गेल्यावर दुबळ्यांची चंगळ व्हावी, असे कोणासही वाटेल. झाले उलटेच. खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांनी जागा व्यापली, आणि १९६६ साली पेन यांनी लिहिले, की पंधरा जातींच्या आठ झाल्या. डार्विन यांच्या हिरवळीवर जे काम पाते करी, तेच इथे तारामासा करीत होता.

जंगलातही असेच काही घडते, असे डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० साली व जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली मांडले. मोठ्या झाडाच्या आसपास त्याचेच किडे व रोग माजतात. म्हणून त्याची रोपे त्याच्याच पायाशी तगत नाहीत आणि दुसऱ्या जातीला जागा मिळते. पुढे स्टीफन हबेल यांनी पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर पन्नास हेक्टरांतील झाडे मोजली; सुमारे तीनशे जाती निघाल्या. २००१ सालच्या ग्रंथात त्यांनी म्हटले, की सर्व झाडे समबल धरली आणि जन्ममृत्यू योगायोगावर सोडले, तरी पुष्कळसे चित्र जुळते. यावर मोठा वाद झाला. पण पीटर चेसन यांनी २००० साली सुसूत्र करून दाखविलेली अट महत्त्वाची आहे: प्रत्येक जात दुसरीला जितकी अडविते त्याहून स्वतःला अधिक अडवीत असेल, तर अनेक जाती कायमच्या एकत्र राहू शकतात.

आता आमच्या मुद्द्याकडे येऊ. यावरून निसर्ग कामगारांच्या बाजूचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तारामासा न्याय करीत नाही. तो भूक भागवितो. मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मागितली म्हणून. कोणत्या जंगलातून ती आली नाही. समाजाचे नियम माणसे करतात व माणसेच बदलतात. तेव्हा निसर्गाचा दाखला आम्हांला नको, तसा तो समोरच्यांनीही देऊ नये. आणि द्यायचाच, तर पुरा द्यावा. बलवानाला मोकळे सोडले की काय होते, हे त्या बारा चौरस फुटांच्या हिरवळीवर डार्विन यांनीच मोजून ठेवले आहे.