रंगकडांचे मृदूकरण (अंकीय शिल्प)

संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय शिल्पावरील दोन रंगछटांची तुटक सीमा एकमेकींत मिसळण्याची क्रिया. झीब्रश या शिल्प-प्रणालीतील पॉलीपेंट पद्धतीत रंग शिल्पाच्या जाळीच्या शिरोबिंदूंवर साठतो. म्हणून जाळी विरळ असेल तर कड दातेरी दिसते, आणि ब्रश बदलण्याआधी जाळी दाट करावी लागते. २००२ पासून मुक्तस्रोत असलेल्या ब्लेंडर या प्रणालीत रंग पृष्ठभागावर चढवलेल्या प्रतिमेवरही (टेक्स्चर) देता येतो. तेथे ब्रशचा जोर मध्याकडून कडेकडे उतरता ठेवतात किंवा सॉफ्टन ब्रश फिरवतात. पृष्ठभाग उलगडताना पडलेल्या शिवणींपाशी रंग काही पिक्सेल बाहेर पसरू देतात. अन्यथा शिवणीवर रेघ उमटते.

उदाहरणार्थ, कामशेतजवळील बेडसे लेणी (इ. स. पू. पहिले शतक) पूर्वाभिमुख आहेत; त्यामुळे दर्शनी भागावर सकाळी ऊन असते आणि दुपारनंतर सावली. चैत्यगृहाच्या स्तंभशीर्षांवरील हत्ती, घोडे व स्वार यांची प्रतिकृती छायाचित्रांवरून केल्यास उन्हातील व सावलीतील छायाचित्रे जुळतात तेथे रंग तुटतो. तो सांधा जरूर मऊ करावा. मात्र दगडावरील खरे डाग आणि छिन्नीच्या खुणा पुसू नयेत, कारण अभ्यासकाला त्याच हव्या असतात. या क्रियेत केवळ रंग बदलतो, आकार बदलत नाही.