जिवाची मुंबई आणि हॉटेलातले टेबल

मुंबई बघणे, मुंबईत खाणे आणि मुंबईत खरेदी करणे ही तीन कामे आज एका दमात उच्चारली जातात. कोल्हापूर, नाशिक किंवा सोलापूरहून चार मैत्रिणी दोन दिवसांसाठी मुंबईला निघतात, तेव्हा गेटवे, राणीची बाग, क्रॉफर्ड मार्केट, कुलाबा कॉजवे, चौपाटीची भेळ आणि इराण्याचा चहा हे सगळे एकाच यादीत असते. जिवाची मुंबई करणे म्हणतात ते हेच. अशा सहलीकडे इतिहास म्हणून फारसे कोणी बघत नाही, आणि बघितलेच तर सगळे श्रेय आगगाडीला देऊन लोक मोकळे होतात. मला हे श्रेयवाटप पटत नाही. मुंबईला गाडी आली, बघण्याजोग्या इमारती उभ्या राहिल्या, बाजार मालाने भरले, तरी मित्रमैत्रिणींची सहल रुळायला आणखी कित्येक दशके जावी लागली. अडले होते ते जेवणाशी. नात्यागोत्याबाहेरच्या माणसांनी शेजारी बसून खावे, अशी जागाच समाजाने ठेवलेली नव्हती. म्हणून या सहलीचा इतिहास लिहायचा तर तो इमारतींपेक्षा हॉटेलातल्या टेबलापासून लिहावा लागेल.

बघण्याजोगी मुंबई तर फार लवकर तयार झाली. राणीची बाग 1862 मध्ये उघडली. तिच्या आवारातले वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले. क्रॉफर्ड मार्केट 1869 मध्ये बांधून पूर्ण झाले, घोड्यांची ट्राम 1874 मध्ये धावू लागली, राजाबाई टॉवर 1878 मध्ये उभा राहिला आणि पुढच्या दशकात बोरीबंदरचे प्रचंड स्थानक आकाराला आले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 चे. एका शहराला वाहिलेला एवढा मोठा मराठी ग्रंथ त्याआधी झाला नव्हता. त्याच साली बोरघाटातला रेल्वेमार्ग पुरा झाला आणि पुणे-मुंबई प्रवास सलग झाला. त्याआधी काही वर्षे खंडाळ्यापर्यंत गाडी होती, पण घाट उतरायला पालखी नाहीतर बैलगाडी लागे. म्हणजे 1880 च्या सुमारास पुण्याच्या माणसापाशी जायला गाडी होती, हिंडायला ट्राम होती आणि बघायला निम्मे शहर होते. आजच्या सहलीच्या यादीतल्या कितीतरी गोष्टी तेव्हाच जागेवर होत्या.

तरीही त्या काळी मुंबईला जाणारा माणूस बहुधा कामाने जाई: कोर्टकचेरी, परीक्षा, नोकरी, औषधपाणी. मुंबई बघणे हे कामाला जोडून होई, आणि मुक्काम नातलगाच्या बिऱ्हाडी किंवा आपल्या जातीच्या धर्मशाळेत. आपल्याकडे सहप्रवासाचा जुना नमुना यात्रेचा. काशीला निघालेला जथा भाऊबंदांचा किंवा गावकऱ्यांचा असे. वाटेत चूल कोणी पेटवायची आणि पंगतीत कोणी कुठे बसायचे हे घरून ठरलेले असे. आगगाडीने हा नमुना मोडला नाही, तो डब्यात आणून बसवला. एका बाकावर दहा जातींची माणसे खांद्याला खांदा लावून बसत, पण भूक लागली की प्रत्येक जण आपापले फडके सोडी. फडक्यात दशम्या असत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की ते अन्न दोन दिवस टिके, आणि मुख्य म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात प्रवासात चालून जाई. स्थानकावर पाणी देणारेसुद्धा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे होते. गाडीने अंतर मिटवले, पण भाकरीभोवतीचे कुंपण शाबूत राहिले.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सहल होत नव्हती ती फुरसत आणि पैसा नसल्यामुळे. त्यात सोवळे कशाला आणता? आक्षेपात तथ्य आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. ज्याला आठवड्याची हक्काची सुट्टीच नाही, त्याची सहल कसली? पण ज्यांच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही होते, त्यांचे काय चालले होते तेही बघू. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती बाजूला सारली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. यादीत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. पुढे रानड्यांसारख्या न्यायमूर्तीलाही प्रायश्चित्त घेणे भाग पडले. एका कपाची ही किंमत असेल, तर परक्या शहरात दिवसातून चार वेळा परक्याच्या हातचे खाण्याची सहल पैसेवाल्यालाही परवडणारी नव्हती. वेळ आणि पैसा या सहलीच्या आवश्यक अटी होत्या हे खरे, पण तेवढ्या पुरेशा नव्हत्या.

अडचण एकत्र जमण्याची नव्हती, एकत्र खाण्याची होती, हे करमणुकीच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. जुलै 1896 मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ झाले आणि लगेच ते नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे तिकिटाचे दर चार आण्यांपासून होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे बॉक्स होते. नाटकगृहांतही हाच प्रकार. तिकिटाच्या दराने माणसे वेगवेगळ्या रांगांत बसली, पण एका छपराखाली एकच खेळ बघू लागली, आणि त्यावरून कोणावर ग्रामण्य झाले नाही. डोळ्यांना विटाळ नव्हता, तो तोंडाला होता. म्हणून ‘बघणे’ आधी सार्वजनिक झाले आणि ‘खाणे’ मागे राहिले.

ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा इराण्याचा. यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या, बहुतेक झरतुष्ट्री असलेल्या या लोकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. धोबीतलावचे कयानी 1904 चे, ग्रँट रोडचे मेरवान 1914 चे, बॅलार्ड इस्टेटीतले ब्रिटानिया 1923 चे. संगमरवरी माथ्याचे टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत बिस्किटे आणि खारी. ब्रुन पाव चहात बुडवून खावा आणि उठावे. पोऱ्या तिथूनच ओरडून आकडा सांगे, गल्ल्यावरचा मालक पैसे घेई. या साऱ्या व्यवहारात आडनाव विचारायची वेळच येत नसे. पंगतीत कोणी कुठे बसायचे हे जन्म ठरवी. इथे जी खुर्ची रिकामी ती आपली. शिवाय इराणी स्वतः हिंदू जातींच्या उतरंडीबाहेरचा, त्यामुळे वरचे-खालचे ठरवण्यात त्याला रस नव्हता. त्याला गिऱ्हाइकाशी मतलब. दोन जातींच्या दोन मित्रांना, कोणाच्याच घरच्यांना न दुखावता, एका टेबलावर बसता येईल अशी जागा मुंबईत दोन पैशांत मिळू लागली. सहलीचे मूळ एकक हे असे टेबल आहे.

इथे दुसरा, अधिक अवघड आक्षेप उभा राहतो. मुंबईतल्या सगळ्याच खाण्याच्या जागा इराण्यासारख्या नव्हत्या. गिरगावातल्या खानावळी जातीच्या नावाने चालत, गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका बहुधा आपल्या गावच्या माणसांना जेवू घालत, आणि माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांची साख बऱ्याच अंशी आचारी ब्राह्मण असण्यावर टिकलेली होती. मग हॉटेलाने जात मोडली म्हणायचे, की तिला नवी पाटी दिली? उत्तर देताना मुदपाकखाना आणि टेबल यांत फरक करायला हवा. मुदपाकखान्याची जात पुष्कळ काळ टिकली. शिजवणारा कोण, याची चौकशी आजही काही घरांत होते. टेबलाची जात मात्र त्याआधी गेली. उडुप्याच्या इडलीने कर्मठ गिऱ्हाइकाला शिजवणाऱ्याच्या जातीबद्दल निश्चिंत केले, आणि त्याच निश्चिंतीत तो शेजारी कोण बसला आहे याकडे काणाडोळा करू लागला. 1942 मध्ये ए. रामा नायक यांनी माटुंग्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवण वाढले जाई, पण ते पान कूपन घेणाऱ्या कोणाहीपुढे मांडले जाई. मित्रांच्या सहलीला एवढे पुरते. तिला सुधारकांचा स्वयंपाकी लागत नाही. शेजारच्या खुर्चीची चौकशी न करणारा मालक लागतो. आणि खानावळ सहलीसाठी नव्हे तर पोटासाठी निघाली, हा मुद्दा माझ्या म्हणण्याला बळच देतो. घरापासून तुटलेल्या कामगाराने आणि कारकुनाने विकतच्या अन्नाची सवय शहराला लावली. पाहुण्यांनी ती पुढे मौजेसाठी वापरली.

मात्र या टेबलाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकता येणार नाही. ते सगळ्यांसाठी नव्हते. सी. के. बोले यांचा 1923 चा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, त्याने सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत असे ठरले. खासगी हॉटेल त्याच्या कक्षेबाहेर राहिले. रत्नागिरीसारख्या गावात 1933 मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने अखिल हिंदू उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले, यावरूनच इतर उपाहारगृहांची तऱ्हा कळते. अनोळखी राहण्याची मुभा मुंबईने दिली, पण ओळख उघड झाल्यावर मुभा टिकेलच अशी हमी शहर देत नव्हते. ती हमी कायद्याला द्यावी लागली. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही असे नाव घेऊन सांगितले. खरेदी, खाणे आणि बघणे: सहलीची तीनही अंगे घटनेच्या मूलभूत हक्कांत एका ओळीत आली आहेत. घटनाकारांसमोर सहल नव्हती, माणसाचा दर्जा होता. पण भारतात सहलीचा प्रश्न दर्जाच्या प्रश्नातून सुटा करता येत नाही, एवढे त्या ओळीवरून नक्की दिसते.

खरेदीचे अंग यात सर्वांत सहज मिसळले. लग्नाचा बस्ता बांधायला मुंबई गाठण्याची चाल जुनी; मंगळदास मार्केटात दिवसभर कापड उलगडायला लावायचे आणि वडीलधाऱ्याने शेवटी घासाघीस करायची. पण ती कुटुंबाची मोहीम होती, पैसा आणि निवड दोन्ही थोरांच्या हाती. ती मैत्रिणींची झाली बाईच्या हाती स्वतःचा पगार आल्यावर, आणि तिला बाहेर एकटीने बसून चहा पिता येऊ लागल्यावर. त्या वाटेवर इराण्याच्या ‘फॅमिली रूम’ने मधला टप्पा पुरवला. आडोशाची ती कोंदट खोली आज मागासलेली वाटेल, पण जिच्या आईने घराबाहेर पाण्याचा घोटही घेतला नसेल, तिला ती हॉटेलच्या उंबऱ्याच्या आत घेऊन आली. क्रॉफर्ड मार्केटासमोर बादशहाचा फालुदा 1905 पासून मिळतो आहे. बाजाराच्या तोंडाशी खाण्याची सोय असली की खरेदी कामाची न राहता दिवसभराची होते, हे गणित मॉलच्या फूड कोर्टाआधी कितीतरी वर्षे मुंबईला कळले होते.

मग रेल्वेचे काहीच श्रेय नाही का? आहे, पण ते दुसऱ्या फेरीत. डेक्कन क्वीन 1 जून 1930 रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यात तिसरा वर्गच नव्हता. तो 1955 मध्ये जोडला गेला. साध्या माणसासाठी सकाळी निघून रात्री परतण्याची मुंबई तेव्हा जवळ आली, आणि तोवर उतरल्यावर कुठे बसून खायचे याचे उत्तर शहरात तयार होते. तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले, त्याच सुमारास मलबार हिलवरच्या बागेत म्हातारीचा बूट आला. गाडी, टेबल आणि बघण्याच्या जागा स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत पहिल्यांदा एकाच पाहुण्याच्या आवाक्यात आल्या. जिवाची मुंबई सर्वांची झाली ती तेव्हापासून.

हा इतिहास पुरा झाला असेही नाही. बिलाचा आकडा आता आडनावाचे काम करू लागला आहे. सामिष-निरामिष वादाच्या आडून जुनी कुंपणे घर भाड्याने देताना परत घातली जातात. ती खाण्याच्या जागांत यायला फार वेळ लागत नाही. म्हणून चार मैत्रिणींनी एकमेकींच्या ताटातले चाखत मुंबई बघणे याला उथळ चैन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की या चैनीसाठी आधी प्रायश्चित्ते झाली, ठराव झाले, आणि शेवटी घटनेला दुकान व हॉटेल हे शब्द लिहावे लागले. बाकीचे हक्क संकटात आठवतात. हा एक हक्क लोक हौसेने, पैसे साठवून, सुट्टी काढून बजावतात. तो असाच वापरात राहिला पाहिजे, कारण वापरात नसलेले टेबल पुन्हा पंगतीत मोडायला वेळ लागत नाही.